रिपोर्ट नॉर्मल, माणूस आडवा

सकाळी दारात मला पाहून कुणाला आनंद झाला, असं माझ्या नोकरीत फारसं घडलं नाही. लोक दार उघडायचे, माझ्या हातातला निळा डबा बघायचे आणि आत हाक मारायचे, "अहो, आल्या त्या!" 'त्या' म्हणजे मी. परळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते, आणि घरोघर जाऊन रक्त काढणं हे माझं मुख्य काम. दादर, परळ, लालबाग, कधी गिरगाव, कधी माटुंगा. दिवाळी अंकांत डॉक्टरांवर लेख येतात, नर्सवरही येतात. सुईवाल्या बाईवर कोण लिहिणार? म्हणून म्हटलं, आता निवृत्त झालोच आहोत तर आपणच लिहावं.

काम तसं सोपं. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची आणि बोटाच्या टोकानं शीर शोधायची. डोळ्यांवर फार विसंबायचं नाही. दिसते ती शीर दगा देते, बोटाला लागते ती देत नाही. मग सुई, मग नळ्या, प्रत्येक तपासणीच्या नळीचं टोपण वेगळ्या रंगाचं. नळी भरली की हलक्या हातानं वरखाली करायची, सरबताची बाटली हलवतात तशी नाही. शेवटी कापूस लावून सांगायचं, "दाबून धरा, चोळू नका." सगळे चोळतात.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. फणसवाडीतले एक आजोबा उजवा हात पुढे करायचेच नाहीत, म्हणायचे, "हा जेवायचा हात आहे." डाव्या हाताला शीर सापडली नाही तर पायाला शोधा म्हणायचे, पण उजवा मिळणार नाही. माटुंग्याच्या एक बाई सुईचं पाकीट खिडकीशी नेऊन त्यावरची तारीख दोनदा वाचायच्या, आणि नंतर कॉफी पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. लालबागचा एक मटणवाला तर माझ्या सुईकडे नुसतं बघून पाटावरून आडवा झाला होता. दिवसभर सुरा चालवणारा माणूस! त्याच्या बायकोनं तोंडावर पाणी मारलं आणि मला म्हणाली, "ताई, कुणाला बोलू नका हां, धंद्याचा प्रश्न आहे." इतकी वर्षं नाही बोलले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. प्रत्येकाला रिपोर्ट नॉर्मल हवा असायचा. कुणी नवस बोलायचं, कुणी मलाच विचारायचं, "रंगावरून काही कळतंय का हो?" नॉर्मल आला की फोनवरच सुस्कारा ऐकू यायचा. या हिशोबात न बसलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे संदेश.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. आबा, म्हणजे वडील, गिरणीत मागावर होते. गिरणी गेली तेव्हा त्यांनी वॉचमनकी केली, भाजी विकली, पण एक दिवस घरी बसले नाहीत, आणि हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगायचे. आई म्हणजे माई, कमी बोलणाऱ्या. आणि एकुलता एक संदेश, पस्तिशीच्या आतला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. गोविंदा पथकात पहिल्या थराला उभा राहायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, दहीहंडीला एकमेकांच्या खांद्यावर माणसांचे थर चढतात, आणि सगळ्यांत खालच्या थराला पथकातले दणकट गडी असतात. वरचं सगळं त्यांच्या खांद्यावर. आबाही तरुणपणी पहिल्या थराचेच.

संदेशला ताप आला, साधा वाटणारा. आठवडाभरात ताप गेला. पण संदेश काही उठला नाही. म्हणजे उठायचा, दात घासायचा, आणि परत आडवा. दिव्याचा उजेड सहन होईना. खाली मिरची कांडायचं यंत्र सुरू झालं की कानांत कापूस. जिना उतरणं तर सोडाच, गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाऊन आला की तासभर बोलता यायचं नाही.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि मी त्या घरी वरचेवर जाऊ लागले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, जीवनसत्त्वं, जे जे नळीत मावतं ते ते सगळं काढलं. सगळं नॉर्मल. आबांनी पहिल्या वेळी पेढे वाटले. दुसऱ्या वेळीही वाटले. मला पेढा देताना म्हणाले, "बघा मॅडम, रक्त येकदम फस्क्लास! काय झाला नाय आमच्या झिलाक." झील म्हणजे मुलगा, घरात मालवणी चालायची. संदेश तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

पुढच्या खेपेला मी पट्टा बांधत होते तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, यावेळी काहीतरी निघू दे ना. छोटंसं का होईना."

मी हसून टाळलं. अशी मागणी मला आजवर कुणी केली नव्हती.

"खरंच सांगतो," तो म्हणाला. "तुमचा रिपोर्ट आला ना, की मी घरात खोटा पडतो."

हे वाक्य मी लॅबपर्यंत नेलं आणि नंतर घरीही. नॉर्मल या शब्दाला अशीही एक बाजू असते हे मला ठाऊक नव्हतं.

आबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. घाबरले होते. आणि घाबरलेला कष्टकरी माणूस ओरडतो. त्यांचं साधं म्हणणं, अंगात घाम नाही म्हणून आजार. एका संध्याकाळी त्यांनी संदेशला धरून खाली अंगणात नेलं, जिथे पथकाची पोरं सराव करतात. संदेश अर्धा तास कट्ट्यावर बसला, पोरांशी दोन शब्द बोलला, हसलासुद्धा. आबांना आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर संदेशला हात उचलून माझ्यासमोर धरता येत नव्हता, मी तो उचलून उशीवर ठेवला. आबा दारातून म्हणाले, "काल हसत होतो. आज नाटका."

संदेश एकदा बरा बोलत होता तेव्हा मी त्याला विचारलं होतं, नेमकं होतं काय? तो म्हणाला, "पहिल्या थरात कसं असतं, वजन येतं, पाय थरथरतात, पण ठाऊक असतं की आत्ता वरचे उतरतील. आता वरचे उतरतच नाहीत, ताई. मी झोपलोय तरी उभेच आहेत." मग म्हणाला, "आणि लोक याला थकवा म्हणतात. थकवा काय, समुद्राला ओल म्हणण्यासारखं झालं."

डॉक्टरांनीही आपापल्या परीनं काय काय सांगितलं. एकानं मन रमवा सांगितलं, एकानं लग्न करा. लग्नाचा सल्ला देणाऱ्याला माई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या, "ह्येका उचलून बोहल्यार उभो करूक तुमी येतालात काय?" शेवटी त्यातल्याच एका भल्या डॉक्टरांनी कबूल केलं की हे आपल्या आवाक्यातलं दिसत नाही, आणि दादरच्या एका डॉक्टर मॅडमचं नाव दिलं. संदेशला टॅक्सीत मागच्या सीटवर आडवा करून नेलं.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा संदेशचा चेहरा बघूनच कळलं, काहीतरी झालंय. म्हणाला, "ताई, मॅडमनी फाईल बघितली, बाजूला ठेवली आणि मला विचारलं, काम केलं तर त्रास त्याच दिवशी होतो का दुसऱ्या दिवशी? आजपर्यंत कुणी दुसऱ्या दिवसाबद्दल विचारलंच नव्हतं."

"रडलो पोरगो," माई म्हणाल्या. "माका वाटला, काय वायट सांगल्यानी. तर म्हणता, नाय गे, बरा वाटला म्हणान रडतंय."

आजाराला नाव होतं. लांबलचक इंग्रजी, मायाल्जिक एनसेफलोमायलायटिस, आणि बोलीभाषेत क्रॉनिक फटीग. मॅडमनी साफ सांगितलं होतं की हा आजार दाखवणारी रक्ताची तपासणी आज तरी नाही. दुसरं काही नाही ना, एवढंच रक्तावरून बघायचं, बाकी माणसाचं ऐकून ठरवायचं. बरं करणारं औषधही नाही. झोप, दुखणं, यांवर थोडा उपाय होतो. पण मुख्य म्हणजे ताकदीच्या आत राहायचं. जोर लावून उठवलं तर माणूस आणखी खाली जातो, आणि गेलेलं परत मिळेलच याची खात्री नाही.

घराला यानं बरं वाटायला हवं होतं. संदेशला वाटलं, माईंना वाटलं. आबांना नाही. "जो रोग नळयेत गावणा नाय, तो रोग कसलो?" त्यांनी मला विचारलं. नळीत न सापडणारं बरंच काही असतं, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांना ते वेदान्त वाटलं असावं. "डॉक्टरीण सांगता निजान रव. निजान कोण बरो झालो आजवर?"

आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. आबा विश्वास ठेवतात की नाही. कारण खोली आबांची, हुकूम आबांचा, आणि जोर लावणारे हातही आबांचेच.

गणपती आले. त्यांचा गणपती कोकणात, गावच्या घरी. आबांनी ठरवलं की संदेशला न्यायचंच. देवासमोर उभा राहील, चार दिवस हवा लागेल, सुतासारखा सरळ होईल. मॅडमचं म्हणणं माईंनी परोपरीनं सांगून पाहिलं. रात्रभराचा बसचा प्रवास झाला. आरतीला संदेशला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, आणि आबांनी सगळ्या भावकीसमोर गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे हा प्रकार नाही, पण मालवणी घरांत असतो. घरातला जाणता माणूस देवापुढे मोठ्यानं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' आबांनी मागितलं, माझ्या झिलाक पयल्यासारखो उभो कर. सगळी भावकी म्हणाली, व्हय म्हाराजा.

ते परत आल्यावर मी रक्त काढायला गेले. खिडकीला चादर लावलेली, संदेशच्या डोळ्यांवर पंचा. आधी गॅलरीच्या टोकापर्यंत जाणारा माणूस आता उशीवरून डोकं उचलू शकत नव्हता, माई चमच्यानं पेज भरवत होत्या. बोटाला शीर लागायला मला कधी नव्हे इतका वेळ लागला. आबा मोरीपाशी पाटावर बसले होते. या खेपेला नाटक हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. नुसतं म्हणाले, "देवान आयकला नाय." मला त्यांची दया आली, रागही आला. दोन्ही एकदम येऊ शकतं.

याच सुमारास दादरच्या मॅडमनी आमच्या लॅबकडे चौकशी करून मला बोलावलं. त्यांच्या मनात या आजारावर संशोधन करायचं होतं, पण सुरुवात त्यांनी वेगळी केली. आधी रुग्णांनाच बोलावून विचारायचं, तुम्हाला काय शोधायला हवं वाटतं? ज्यांना हलता येत नाही त्यांच्या घरी जाऊन रक्त आणायला माणूस लागणार होता, म्हणून मला आमंत्रण. मी माईंना सांगितलं. संदेश जाण्याचा प्रश्नच नव्हता. माई नवऱ्याला म्हणाल्या, "त्येच्या वतीन तुमी जावा." आबा कुरकुरले, पण इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले.

इतक्या सभा पाहिल्या, अशी नाही पाहिली. दादरच्या एका लग्नाच्या कार्यालयाची छोटी खोली. खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, आणि जमिनीवर वऱ्हाडासाठी असतात त्या गाद्या. पडदे ओढलेले, माईक नाही. लोक आडवे पडून होते. कुणी उशीवर, कुणी बायकोच्या मांडीवर. सभा आणि तीही झोपून! टाळ्या वाजवायच्या नाहीत, पटलं तर हात वर करायचा. आबा दाराशीच थबकले आणि मला म्हणाले, "ह्यो काय दवाखानो?"

आम्ही भिंतीशी दोन खुर्च्या घेतल्या. मॅडम खाली गादीवर मांडी घालून बसल्या आणि एकेकाला हळू आवाजात विचारू लागल्या. एक तरुण वकील म्हणाला, "तुम्ही आम्हाला चालवून बघणार, आणि चाललो की लिहिणार, चालतो. चालल्याची किंमत दुसऱ्या दिवशी वसूल होते, ती मोजा." बरेच हात वर झाले. एक बाई म्हणाल्या, त्यांनी एका ठिकाणी रक्त दिलं, लांबलचक प्रश्न सोडवले, त्यात आठवडा वाया गेला, आणि पुढे त्या रक्ताचं काय झालं हे कुणी कळवलं नाही. "निदान काही सापडलं नाही, एवढं तरी सांगा." मी खुर्चीत जरा आवरून बसले. नळी भरली की माझंही काम संपायचं.

मग गिरगावातल्या एक शिक्षिका. डोळे मिटूनच बोलत होत्या. "माझ्या घरचे चांगले आहेत हो. पण भाचीच्या बारशाला मी तासभर बसले, हसले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी उठता येईना, तर यजमान म्हणाले, काल तर हसत होतीस."

आबांचा हात माझ्या मनगटावर पडला. "मॅडम, ह्ये लोक येकमेकांक वळखतत?"

"नाही आबा. आज पहिल्यांदाच भेटतायत."

"आनि ह्या बायेक आमच्या संदेशान काय सांगूक नाय मां?"

"तो कसा सांगेल?"

त्यानंतर बोललेल्या प्रत्येकाकडे आबा वाकून, अगदी निरखून बघत होते.

शेवटी मॅडमनी विचारलं, "इथे कोण नाही? येऊच शकलं नाही असं कुणाच्या घरात कोण आहे?"

आबा उभे राहिले. अख्ख्या खोलीत उभा असलेला तेवढा एकच माणूस. आवाज खाली आणायला त्यांना कष्ट पडत होते. "माझो झील," ते म्हणाले. "पयल्या थराचो गडी. उभो रव म्हणान मी त्येका गावाक नेलंय, आनि आता त्येका मानसुद्धा उचलूक येणा नाय. जे हंयसर इलेच नाय, त्येंका कोण मोजतलो? त्येचा नाव पयला लिवा."

गाद्यांवरून हात वर आले. सगळेच वर आले. मॅडमनी नाव लिहून घेतलं, आणि बोट माझ्याकडे केलं, "यांच्या घरी तुम्ही जाल ना?" मी म्हटलं, तो जिना माझ्या पायांना पाठ आहे.

घरी पोचल्यावर आबांनी चपला काढल्या, संदेशच्या गादीजवळ बसले आणि म्हणाले, "नीज तू. मी हंयसर आसंय." एवढंच. मी जिना उतरताना थांबून डोळे पुसले. निवृत्तीच्या वयाला आलेल्या बाईनं चाळीच्या जिन्यात रडावं का, असा विचारही मनात आला, पण मला फार हलकं वाटत होतं.

नंतरचं वर्ष चमत्काराचं नव्हतं. आबांनी पहाटे रेडिओ लावणं बंद केलं. मिरचीवाल्याकडे जाऊन यंत्राच्या वेळा विचारून आले, म्हणजे ते सुरू व्हायच्या आधीच पोराच्या कानांत कापूस घालता येईल. कुणी नातेवाईक दारात येऊन "कसो आसा? बरो दिसता" म्हणाला की आबा आडवे यायचे, "आज दिसता तसो. उद्या येवन बघ!" नोकरीतून सुटल्यावरही मी त्या घरी नळ्या घेऊन जात राहिले, संशोधनाच्या. प्रत्येक वेळी पुढे काय झालं ते मॅडमना विचारून संदेशला सांगायचे, बहुतेक वेळा "अजून काही नाही" असंच. त्याला तेवढंही पुरायचं. हळूहळू तो उशीला टेकून बसू लागला, पुढे गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. लिफ्टचं काम गेलं ते गेलंच. पण मला म्हणाला, "ताई, आता नुसता आजारी आहे. आधी आजारी होतो आणि आरोपीपण."

आणि परत गणपती आले. या वर्षी आबा गावाला गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. मला नैवेद्याला बोलावलं होतं. मी बौद्ध, देवाकडे मागणं आमच्या घरात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. माई म्हणाल्या, "मोदकाक काय धर्म आसता?" तेव्हा मोदक खायला गेले.

गावच्या घरची आरती संपल्यावर पुतण्यानं तिथून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन देवासमोर धरला. इकडे लालबागला आबा पाटावर बसले, डोक्यावर टोपी, समोर डब्याला टेकवलेला फोन. गाऱ्हाणं एरवी वाडीला ऐकू जाईल असं खणखणीत घालतात. आबांनी ते कुजबुजत घातलं. गावच्यांनाही आधी ताकीद दिली, "सावकाश म्हणा रे, झील निजलो हा."

"बा देवा म्हाराजा, आज फोनातसून तुका गाऱ्हाणा घालतंय, ता मानून घे रे म्हाराजा."

पलीकडून, जरा उशिरानं, दबका गलका आला, "व्हय म्हाराजा."

"गेल्या साली मी मागलंय, झिलाक उभो कर. चुकला माझा. त्येका निजॉची गरज आसा, ती नीज त्येका दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्येच्या खांद्यार जे थर चढले हत, ते येक येक करून सावकाश उतरव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

माझ्या हातातला मोदक तसाच राहिला होता. आबांनी टोपी सारखी केली.

"आनि त्येका जो कोण आळशी म्हणात, त्येचा तोंड बंद कर रे म्हाराजा. सगळ्यात पयला माझा!"

पलीकडे सगळे चूप. घरच्या कर्त्याचं तोंड बंद कर, याला व्हय कसं म्हणायचं? पुतण्याचा गोंधळलेला चेहरा फोनमध्ये दिसत होता. आबा डोळे मिटून वाट बघत बसले होते.

तेवढ्यात मागच्या गादीवरून, डोळ्यांवरचा पंचा तसाच ठेवून, संदेश म्हणाला, "व्हय म्हाराजा!"